दुभत्या शेळीला सरकी द्यावी की बायपास फॅट?

स्निग्ध पदार्थांतून पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात शेळ्यांचे खाणे मंदावते, तेव्हा थोड्या खुराकातून जास्त ताकद देण्यासाठी सरकी किंवा बायपास फॅट अशा स्निग्ध पूरकांचा विचार होतो. मात्र शेळीमध्ये अशा पूरकाने प्रामुख्याने दुधातील फॅट वाढते, लिटर फारसे वाढत नाहीत. दूध मापावर विकणाऱ्याने हा खर्च व्याल्यानंतर अंग उतरलेल्या शेळीपुरताच ठेवावा.

कापसाच्या या मुलखात पहिली पसंती सरकीलाच द्यावी, असे माझे मत आहे. तिच्यात तेल साधारण 18 ते 20 टक्के आणि प्रथिनेही जवळपास तेवढीच असतात. शिवाय तेल टरफलाआड असल्यामुळे कोठीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात, ते हळूहळू सुटते. चाळीस किलोची शेळी दिवसाला सुमारे दीड किलो कोरडा आहार घेते असे धरले आणि त्यातील एकूण स्निग्धांश 5 टक्क्यांवर रोखला, तर मर्यादा 75 ग्रॅमची होते. त्यातले 45 ग्रॅम कडबा, पाला आणि भरडा यांतूनच येत असतील, तर उरलेल्या 30 ग्रॅमसाठी दीडशे ग्रॅम सरकी पुरते. सरकी सुरू केली की पेंड त्या मानाने कमी करावी. सरकीतील गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य लहान करडांना बाधते आणि बोकडाच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम करू शकते, म्हणून त्यांना ती देऊ नये. बुरशीचा वास येणारे पोते तर गोठ्यात आणूच नये, कारण त्यातील विष दुधात उतरते.

बायपास फॅटमध्ये, बहुधा पाम तेलातील, मेदाम्ले कॅल्शियमशी बांधलेली असतात. ती कोठीपोटात जवळजवळ विरघळत नाहीत, पुढे चौथ्या पोटातील आम्लात सुटतात, त्यामुळे चाऱ्याचे पचन बिघडत नाही. पस्तीस ग्रॅममध्ये वरच्या हिशोबाइतका स्निग्धांश मिळतो, पण प्रथिने मुळीच नाहीत आणि किलोचा भावही चढा. त्यातच साबणासारखा वास! शेळी गव्हाणीत नाक घालते आणि मागे सरते. म्हणून चमचाभरापासून सुरुवात करून ते गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या भरड्यात मिसळावे. दोन लिटरच्या पुढे दूध देणाऱ्या आणि जुळी पाजणाऱ्या शेळीला पहिले दोन-तीन महिने हा खर्च परवडू शकतो. नंदुरबारकडच्या साधारण सुरती शेळीला त्याची गरज सहसा पडत नाही.

सुटे तेल खुराकावर ओतण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. ते तंतूंवर थर धरते आणि चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते. कोणी देतच असेल, तर लेंड्या मऊ पडताच ते थांबवावे.