गुलाबी कोरल, शून्य रुपयांची भेट आणि माझे १५,७५० रुपये

घरात मी ६,२५० रुपये गेले एवढंच सांगितलंय. वरचे ९,५०० कशात गेले ते सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. तरी लिहितोय, कारण घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोरल (प्रवाळ) विकतो म्हणून मला फसवणारा हाच माणूस आत्ता निपाणीत नाहीतर खानापुरात कुणाला तरी "दादा, शेवटचाच पीस राहिलाय" म्हणत असणार.

रंग भडक दिसावेत म्हणून निळ्या लाइटखाली काढलेले फोटो, आधी पैसे, मग मेलेला माल, ही नेहमीची फसवणूक तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. म्हणून तर मी लोभ केला नव्हता. टाकी ७५ लिटरची, बजेट तुटपुंजं. टणक सांगाड्याच्या कोरलला भारी लाइट लागते, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सतत सांभाळावी लागते, ते परवडणार नाही हे आधीच ठरलेलं. म्हणून मऊ कोरलंच सांगितली: झोअँथिडचे तीन तुकडे १,८००, दोन मशरूम १,४००, एक टोडस्टूल लेदर २,२००. एकूण ५,४००. नवशिक्याच्या हातून पाण्यात थोडं इकडंतिकडं झालं तरी तग धरणारी ही कोरलं. भाव संशय यावा इतका कमीही नव्हता. बेळगावात गोड्या पाण्यातले मासे पाहिजे तेवढे मिळतात, पण खाऱ्या पाण्याचं विचारलं की दुकानदार "मुंबईस्नं मागवा की" म्हणून मोकळा. मग मागवलं. चिठ्ठीवर माझं नाव लिहून, ती टाकीला लावून केलेला व्हिडिओसुद्धा मागून घेतला. याहून जास्त माणसानं काय करायचं?

पण त्याच व्हिडिओत टोडस्टूल होतं, आणि ते गुलाबी होतं. टोपी गुलाबी, देठ गुलाबी, अगदी बुडापर्यंत एकसारखं गुलाबी, आणि वर एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं उघडणारं तोंड) बाहेर आलेला नाही. लेदर कोरलच्या अंगात तपकिरी सूक्ष्म शेवाळ राहतं, उजेडावर ते अन्न तयार करतं आणि कोरल त्यावर जगतं. म्हणून ते खाकी, तपकिरी, पिवळसर, फार तर हिरवट दिसतं. हे मी आधी कितीदा वाचलेलं! विचारलं तर म्हणाला, "रेअर पीस आहे दादा, इंडोनेशियाचा." मला पटलं. का पटलं ते विचारू नका.

दुसरी खूण बिलात होती. शेवटच्या ओळीत, मी न मागितलेलं कोरल: "टॉर्च, १ नग, गिफ्ट, ० रुपये". म्हणालो, हे काय? "पार्सलमध्ये जागा होती, टाकतोय प्रेमानं." प्रेमानं! त्या ओळीचे मी पुढे ९,५०० भरले.

५,४०० पाठवले, मग बसच्या पार्सलचे आणि थर्माकोलच्या पेटीचे म्हणून ८५०. पेटी पहाटे बसनं आली. पिशवीतलं पाणी कोकम सरबतासारखं. टोडस्टूल पांढऱ्या रुमालावर ठेवलं तर रुमालावर गुलाबी चट्टा उठला आणि खाली मळकट पांढरं अंग दिसायला लागलं. झोअँथिड विरघळून चिकट झालेले, वास असा की बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली. मशरूम नाहीतच. टॉर्चही नाही. (मेलेले झोअँथिड मी उघड्या हातानं खरवडले, तुम्ही तसं करू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे घाला, आणि ते ज्याला चिकटलेले असतात तो दगड कधीही उकळायचा नाही.)

पैसे परत मागितल्यावर खरा खेळ सुरू झाला. त्यानं माझंच बिल मला पाठवलं, टॉर्चच्या ओळीवर लाल गोल करून. टॉर्च म्हणजे टणक सांगाड्याचं कोरल. ही सगळी कोरलं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. विकणं गुन्हा, बाळगणं गुन्हा. तासाभरात हिंदीतून फोन: "वन विभागातून बोलतोय, तुमच्या नावावर शेड्यूल वनचा माल आहे, जामीन मिळणार नाही." फाइल बंद करायची तर ९,५००, यूपीआयवर. तुम्ही हसाल. पण घरी वयस्कर आई आणि दारात जीप, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की न केलेला गुन्हाही केल्यासारखा वाटतो. सरकारी दंड असा मोबाइलवर, पावतीशिवाय, कुणाच्या खासगी खात्यात जात नाही हे पैसे गेल्यावर सुचलं.

पोलीस ठाण्यात गेलो. "कोरल म्हणजे एनरी? मासा काय?" मासा नाही, प्राणी आहे म्हटलं तर दोघं हसले. अर्ज मराठीत होता, कन्नडमध्ये आणा म्हणाले. शेजाऱ्याकडून लिहून नेला. मग साहेब नाहीत, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. खातं महाराष्ट्रातलं निघालंय, तिकडे तक्रार द्या म्हणाले. तिकडे फोन केला तर म्हणे तुम्ही कर्नाटकात राहता, तिथंच द्या. १९५६ पासून आम्ही या सीमेच्या नावानं ओरडतोय, दोन्ही सरकारं कोर्टात भांडतायत, आणि चोराचे पैसे बोट टेकवलं की सीमापार! हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यानं गुन्हा नोंदवून घ्यायचा, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट लिहिलंय. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. ते बोललो तर "वकील आहे काय तुम्ही?" बँकेतली बाई त्याहून शांत: "पिन तुम्हीच टाकलाय ना सर?" होय, मीच टाकलाय, बंदूक लावून कुणी टाकून घेतला नाही. म्हणून चोर चोर राहत नाही काय?

पैसे गेले की लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडला तरच अडतो. मी भीतीपोटी दोन रात्री घालवल्या. बिलावर न मागितलेली एक जरी ओळ दिसली तरी व्यवहार तिथंच मोडा, फुकट असली तर आधी मोडा. व्हिडिओ पांढऱ्या उजेडात मागा, पॉलिप उघडलेले दिसले पाहिजेत. भडक गुलाबी, जांभळं लेदर कुणी दाखवलं तर फोन ठेवा. आणि टणक कोरल "कागद करून देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊच नका, पुढं तोच कागद तुमच्या गळ्याशी येतो.

त्याच्या फोटोत टाकीमागे तडा गेलेली हिरवी बादली आणि भिंतीवर उलटं लावलेलं कॅलेंडर दिसतं. नंबर बदललाय, नाव बदललंय, बादली तीच आहे. परवा एका ग्रुपवर परत दिसली, टोडस्टूल या वेळी निळं होतं, भाव २,६००. माझी तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे.