मोबाइलवरची चावडी: महाभूमीच्या सातबारा सेवेचा वर्षभराचा अनुभव

वडिलांच्या पश्चात शेतजमिनीच्या वारस नोंदीचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावरील सेवा मी वर्षभर वापरल्या. सातबारा घरबसल्या मिळतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र या सगळ्यांत मोलाची वाटली ती गावातील जमिनींच्या प्रलंबित नोंदी दाखवणारी ‘आपली चावडी’ ही सुविधा, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम उताऱ्याविषयी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी टाकून प्रवेश करायचा, खात्यात रक्कम भरायची, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडायचा, की १५ रुपयांत स्वाक्षरीची प्रत हाती येते. भूलेख या शासकीय संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो आणि शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी तो वापरता येत नाही. हा फरक लक्षात न घेता त्याच उताऱ्याची छापील प्रत घेऊन कर्जासाठी गेलेले आणि हात हलवत परतलेले शेतकरी मी पाहिले आहेत. १५ रुपये वाचवण्यापायी एक दिवसाचा खाडा होतो.

स्वाक्षरीची प्रत असूनही अडवणूक होऊ शकते, याचाही अनुभव आला. एका बँकेच्या शाखेत तलाठ्यांचा सही-शिक्का आणा, असे मला सांगण्यात आले. त्या उताऱ्यावरच सही-शिक्क्याची आवश्यकता नसल्याचे छापलेले असते, शिवाय पडताळणीसाठी क्रमांकही दिलेला असतो. तो क्रमांक मी तेथील अधिकाऱ्यांना त्यांच्याच संगणकावर टाकायला सांगितला, तोच उतारा पडद्यावर आला आणि काम मार्गी लागले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कागदावर शाईचा शिक्का पाहण्याची सवय इतकी जुनी आहे की तो नसला म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

उताऱ्याचा नवा नमुना वाचायला सोपा आहे. पूर्वी कमी झालेल्या खातेदाराच्या नावाला कंस केला जात असे, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तो कंस पुसट होऊन मयत माणूसच मालक असल्याचा समज होई. आता अशा नावावर आडवी रेघ असते. आमचा फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) प्रमाणित झाल्यावर मी नवा उतारा काढला, तेव्हा वडिलांच्या नावावर ती रेघ होती आणि खाली आईचे, बहिणीचे व माझे नाव होते. बराच वेळ मी तो कागद हातात धरून बसलो होतो.

आता चावडीविषयी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद घेतल्यावर तिची नोटीस चावडीवर लावावी लागते, हितसंबंध असलेल्यांना कळवावे लागते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीनंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. परंतु चावडीच्या भिंतीवरचा कागद गावात राहणाऱ्यालाच दिसणार, आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेला भाऊ किंवा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली बहीण यांच्यापर्यंत ती बातमी अनेकदा नोंद होऊन गेल्यावरच पोहोचत असे. ‘आपली चावडी’वर आता गाव निवडले की प्रलंबित फेरफारांची यादी समोर येते: फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, हरकतीची शेवटची तारीख आणि गट क्रमांक. खरेदी, वारस, बोजा (जमिनीवरील कर्ज), हक्कसोड (आपला हिस्सा सोडून देणे) असे काहीही असो, त्या नोंदीचा मजकूर उघडून वाचता येतो.

याचा परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला. आमच्या गावातील काही तरुण या यादीचे छायाचित्र गावच्या व्हॉट्सॲप गटावर नियमित टाकतात. अशाच एका वारस नोंदीत मुलींची नावे नव्हती. त्यांपैकी धाकटीने ते छायाचित्र सासरी पाहिले, मुदत संपायला चार दिवस असताना ती गावी आली आणि तिने लेखी हरकत दिली. नोंद थांबली आणि प्रकरण सुनावणीला गेले. तो गट गप्पांसाठी निघालेला, हातातला फोन साधा. पण यादी वेळेवर उघडी झाली आणि एका बाईचा हक्क वाचला.

तलाठ्यांच्या कामाचे स्वरूपही यामुळे पालटले आहे. उतारे लिहून देण्यातला त्यांचा वेळ वाचला, पण ‘माझी नोंद अजून का दिसत नाही’ या प्रश्नाला तारखेनिशी उत्तर द्यावे लागू लागले, आणि ते योग्यच आहे. पीक पाहणीचेही तसेच: १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो आणि नोंद करतो. वयस्क शेतकऱ्यांना त्यासाठी घरातल्या मुलांचा आधार लागतो, हे मात्र खरे.

जिथे सेवा थांबते ती जागाही सांगायला हवी. आमच्या एका गटाचे क्षेत्र हस्तलिखित उताऱ्यावर १.२० हेक्टर होते. संगणकीकरणात ते १.०२ झाले. चूक दिसायला दोन मिनिटे लागली, दुरुस्तीला चार महिने. त्याच अधिनियमाच्या कलम १५५ खालील लेखनप्रमादाच्या (लिहिताना झालेल्या चुकीच्या) दुरुस्तीसाठी तहसीलदारांचा आदेश लागतो, त्यासाठी जुने हस्तलिखित उतारे जोडावे लागतात, आणि ते शोधण्यात अभिलेख कक्षाच्या खेपा झाल्या. चूक माझी नसताना ती सिद्ध करण्याचा भार माझ्यावर पडला, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून प्रत्येक खातेदाराने आपला संगणकीकृत उतारा घरातील जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी आकडा-आकडा ताडून पाहावा. विक्री किंवा कर्जाची वेळ येईपर्यंत थांबू नये.

उताऱ्याची सेवा मला उत्तम वाटली, दुरुस्तीची वाट मात्र अजून खडतर आहे. ‘आपली चावडी’ पाहण्यासाठी मी महिन्याची १, ११ आणि २१ तारीख ठरवून घेतली आहे, कारण १५ दिवसांपेक्षा मोठा खंड पडला तर एखादी मुदत नजरेआड होऊन जाईल. आई शेजारी बसते, मी गट क्रमांक मोठ्याने वाचतो, आणि आमचा क्रमांक यादीत नाही हे ऐकल्यावरच ती उठते.