जिल्ह्याची यादी वाढवायची आहे: उजनी की दापोली?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर आपल्या नावापुढे जिल्हावार आकडे दिसायला लागले की एक वेगळीच खाज सुटते. पुण्यात दोनशे जातींच्या वर गेलेला माणूस रत्नागिरीच्या रकान्यातला भोपळा बघून अस्वस्थ होतो. मग जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार, गाडीत तिघं-चौघं, आणि गाडी पूर्वेला उजनीकडे न्यायची की पश्चिमेला दापोलीकडे यावर वाद. मी दोन्हीकडे बऱ्याचदा गेलोय, म्हणून हा हिशेब.

पूर्वेचा रस्ता सोपा. पहाटे चारला पुणे सोडलं तर उजनी धरणाच्या पाण्याकाठी, शंभरेक किलोमीटरवरच्या भिगवणला उजाडायच्या आत पोचता येतं. कुंभारगावला होडी ठरलेली असली की धुकं विरण्याआधी पाण्यावर. नावाडी लांब बांबूने होडी रेटतो, इंजिनाचा आवाज नाही. समोर चित्रबलाक, हळदीकुंकू बदकं, चक्रवाक, नदी सुरय, शेकड्यांनी शेकाट्या. तासाभरात चाळीस-पन्नास जाती होतात, फारशी मेहनत न घेता. पट्टकदंबांचा थवा काठावरच्या शेतातून उठला तर दिवस सार्थकी.

रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) मात्र आधी विचारून घ्या. पाऊस भरपूर झाला आणि धरण तुडुंब असलं तर चिखलाची पट्टी उघडी पडत नाही, आणि चिखल नाही तर रोहित नाहीत. अशा वर्षी ते उशिरा येतात. नावाड्याला आदल्या दिवशी फोन केला की खरं काय ते कळतं. कुणाचे फोटो बघून निघू नका, ते मागच्या साली काढलेले असतात.

यादीवाल्यांसाठी उजनीची खरी गंमत वेगळीच आहे: एका पाण्याला तीन जिल्हे. कुंभारगाव आणि डिकसळ पुण्यात, पलीकडचा करमाळ्याचा काठ सोलापुरात, आणि कर्जतच्या बाजूला गेलात की अहिल्यानगर. पक्षी तेच, पण खाती तीन. उगाच सोलापूरपर्यंत गाडी दामटण्यापेक्षा दुपारी पलीकडच्या काठावर एक तास उभं राहणं फायद्याचं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकच्या आशेने तर अजिबात जाऊ नका. तो आता जवळजवळ दिसतच नाही, आणि बाकीचे माळपक्षी त्याहून जवळ मिळतात.

ते मिळतात सुप्याजवळ. येताना चौफुल्याहून आत वळा. मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं, चिंकारांसाठी राखलेलं, पण धाविक, पखुर्डी, डोंबारी चंडोल आणि गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या हे सगळं पाणथळीच्या यादीत बसत नाही. माझ्या अनुभवात होडीतला दुसरा तास एखाददुसरी जात देतो, माळावरचा पहिला तास बारा-पंधरा.

पश्चिमेचा रस्ता अंग मोडतो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, मग बागमांडल्याची फेरीबोट, वेश्वी, आणि दापोली तालुक्यातली केळशी, आंजर्ले. किलोमीटर फार नाहीत, पण वळणं आणि खड्डे मिळून दिवस खातात. बदल्यात घाट, खाडी, समुद्र असे तीन वेगळे प्रदेश. ताम्हिणीत शीळकरी कस्तुर आणि मलबारी राखी धनेश, म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात गिधाडं (घरट्यांच्या झाडांपासून लांबच थांबा), आणि किनाऱ्यावर कुरव, चिखल्ये, सागरी गरुड. जातींचा एकूण आकडा उजनीपेक्षा कमी भरू शकतो. नव्या जाती मात्र जास्त.

इथे घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. भरतीच्या दोनेक तास आधी पाणी चिखल्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, म्हणजे सकाळी नवाला आंजर्ल्याच्या वाळूवर बसायचं. अष्टमीला भरती सहाला. नवाला जाल तर पाणी ओसरत असेल आणि पक्षी लांब ठिपक्यांएवढे.

माझी एक फजिती. बागमांडल्याच्या धक्क्यावर यादी सुरू केली, फेरीत चहा-गप्पांत बंद करायची राहिली. वेश्वीला उतरलो आणि डोक्यावर सागरी गरुड. आनंदाने नोंदवला. रात्री बघतो तर तो रायगडच्या खात्यात, कारण यादीची नकाशावरची पिन पलीकडच्या काठावर. रत्नागिरी तशीच कोरी. बाणकोटच्या खाडीत जिल्हा बदलतो, तेव्हा गाडी बोटीवर चढली की यादी संपवा, उतरलात की नवी. चालत्या गाडीतून लांबलचक यादी करण्यापेक्षा थांबून केलेल्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या याद्या केव्हाही चांगल्या.

आता ठरवायचं तर असं बघा. नवशिके असाल, सोबत मुलं किंवा आईवडील असतील, स्कोप (तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण) नसेल, तर उजनी आणि सुपे. मुक्काम न करताही जमतं. उजनी दोन-तीनदा झाली असेल तर तिथे पुन्हा पेट्रोल जाळू नका. मी तरी आता पश्चिमेलाच जातो, पण तीन दिवस काढून. दोन दिवसांत दापोली म्हणजे पक्षी कमी आणि ड्रायव्हिंग जास्त. तिघांत एकालाच घाटात गाडी चालवता येत असेल तर तोही विषय मिटला, भिगवणला जा. आणि पंचांग काढाच: तुमच्या शनिवारी अष्टमी-नवमी येत असेल, तर कोकण पुढच्या आठवड्यावर ढकला.