‘९९ टक्के मॅच’वाला मोसंबी रस घेण्याआधी हे वाचा

जालना, अंबड, पैठण पट्ट्यातल्या ज्यूस सेंटरवाल्यांसाठी आणि केटरर्ससाठी लिहितोय. एक माणूस ‘१०० टक्के मोसंबी रस, बिनसाखरेचा’ म्हणून कॅन विकत फिरतोय. सोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो. माझे पैसे त्यात गेलेत.

मे महिन्यात मृग बहाराचा माल संपलेला, आंबिया बहाराची फळं अजून लहान, आणि लग्नाच्या ऑर्डरी मात्र ऐन भरात. लिटरभर रसाला सव्वादोन-अडीच किलो मोसंबी लागते. किलोला ५० रुपये धरा, नुसत्या फळाचेच सव्वाशेच्या आसपास जातात. हा गडी ७० रुपये लिटरनं देत होता. विचारलं तर म्हणे, “शेठ, फेब्रुवारीत माल स्वस्त होता तवाच रस काढून गोठवून ठेवलाय.” पटण्यासारखंच होतं. चाखायला दिला तो रसही खरा मोसंबीचा होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही.

मग फाइल निघाली. वर आलेख, खाली ‘एफटीआयआर तपासणी, मॅच ९९ टक्के’. एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड किरणांची तपासणी, आणि मॅच म्हणजे खऱ्या मोसंबी रसाशी आलेख किती जुळतो ते. “मशीन कुणाचं मिंधं नसतं, शेठ!” निम्मे पैसे आगाऊ घेतले, बाकीचे पैसे कॅन उतरवताना फोनवरून. बिल मागून पाठवतो म्हणाला.

कॅनमधला रस रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातला गोडवा मोजायचं यंत्र) ११ ब्रिक्स, म्हणजे साधारण ११ टक्के साखरेइतका भरला. भरणारच, ब्रिक्सला साखर फळातली की पोत्यातली हे कळत नाही. लग्नात तो वाटूनही झाला. शुगर असलेल्या पाहुण्यांनी बिनसाखरेचा म्हणून मागून घेतला, याचा राग जास्त आहे. संशय आला तो उरलेल्या कॅनमुळे. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो, लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यामुळे. इकडं हे पोरासोरांनाही ठाऊक. हा दुसऱ्या दिवशीही गोडच! कारखान्यात कडवटपणा काढता येतो, पण ७० रुपयांत?

भाचा संभाजीनगरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्याकडं हा रस आणि बाजारातली चांगली मोसंबी घेऊन गेलो. तिथल्या एफटीआयआर यंत्राच्या बारक्या स्फटिकावर एक थेंब ठेवायचा, त्यावर इन्फ्रारेड किरण सोडायचे. ज्या त्या रेणूनं जे किरण शोषले त्याचा आलेख उमटतो. दोन्ही रस झाल्यावर त्यानं साखरपाण्यात थोडं लिंबू पिळलं, तेही तपासलं आणि ताज्या मोसंबीशी जुळवलं. मॅचचा आकडा जवळजवळ तेवढाच!

“मामा, रसात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. आलेखाच्या आडव्या पट्टीवर १६४० आणि ३३०० या आकड्यांजवळचे हे दोन मोठे उंचवटे पाण्याचे. अख्खा आलेख जुळवला तर पाणी पाण्याशी जुळणारच की.”

बघायचा तो ९०० ते १२०० चा पट्टा, तिथं साखरा दिसतात. गोड संत्र्यात, म्हणजे आपल्या मोसंबीतही, सुक्रोज (पोत्यातली साखर ती हीच), ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण २:१:१ असतात. माझ्या कॅनमध्ये सुक्रोज फारच वर चढलेलं होतं. तरी भाचा छातीठोक बोलेना. बाग, बहार, फळाची पक्वता, सगळ्यानं प्रमाण हलतं. म्हणून आधी खात्रीच्या रसांचे भरपूर नमुने यंत्राला शिकवावे लागतात. उसाची साखर पक्की पकडायची तर कार्बनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तपासणी, कारण उसात कार्बन-१३ चं प्रमाण फळापेक्षा जास्त असतं. आणि त्याचा आलेख कायद्यापुढं पुरावा नाही, हेही त्यानंच सांगितलं.

रिपोर्टच्या तळाला बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: नमुना पार्टीनं आणून दिलेला, निष्कर्ष त्या नमुन्यापुरताच. बॅच नंबर कुठंच नाही. म्हणजे प्रयोगशाळा खोटी नव्हती, बाटलीतला नमुनाही खोटा नव्हता. कॅन तेवढे वेगळे.

फोनवर खडसावलं तेव्हा कुठं बिल आलं. त्यावर ‘फ्रूट ड्रिंक बेस’! रस हा शब्दच नाही. फ्रूट ड्रिंकला कायद्यानं १० टक्के रस पुरतो. खरी चलाखी आलेखात नव्हती, बिलात होती.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो; माल नापास झाला तर फी परत मिळते. मात्र तपासायला देणार हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. ते तोंडावर सांगा आणि बिल पैशाआधी मागा, त्यावर ‘मोसंबी रस’, बॅच नंबर आणि १४ आकडी अन्न परवाना (एफएसएसएआय) क्रमांक हवा. असले लोक तिथूनच गाडी वळवतील असा माझा अंदाज आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुम्हालाही अशाच कॅनचं बिल मिळालं असेल तर त्यावर मालाचं नाव काय टाकलंय ते कळवा आणि फोटो पाठवा, माझ्या तक्रारीला जोडायचाय.