'डिमेन' कळायला हवं असेल तर 'ओपन डूम्सडे' उघडा

मध्ययुगीन इंग्लंडवरचे लेख मी मराठीत आणते. त्यांत 'डिमेन' हा शब्द पानोपानी येतो. इंग्रजी लिहिताना त्यात मध्ये एक 'एस' असतो, तो उच्चारायचा नाही. कोशातला अर्थ असा: जमीनदाराने कुळांना न देता स्वतःच्या कसणुकीत ठेवलेली जमीन. म्हणजे आपली 'शेरी' जवळपास. पण ती कसत कोण होतं, हे कोशातून डोळ्यांपुढे येत नाही. 'ओपन डूम्सडे' या मोफत संकेतस्थळावर ते येतं.

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने 1086 मध्ये गावोगावच्या जमीन-मालमत्तेची पाहणी करवली, तिची वही म्हणजे 'डूम्सडे'. त्या पाहणीतली गावं इथे नकाशावर लावली आहेत. मूळ आकडेवारी हल विद्यापीठाचे प्राध्यापक पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, संकेतस्थळ ॲना पॉवेल-स्मिथ यांचं. गावाचं नाव टाकलं की कुटुंबं, कुरण, पाणचक्की, 1066 चा, म्हणजे विल्यम येण्याआधीचा मालक आणि 1086 चा मालक, सगळं एका पानावर.

मी आधी नांगरांची ओळ वाचते. धन्याचे नांगर वेगळे मोजलेत, रयतेचे वेगळे. नांगर म्हणजे आठबैली. धन्याचे नांगर चालत ते डिमेनवर, आणि ते धरणारे पुष्कळदा गुलाम. गुलामांचा आकडाही त्याच पानावर आहे. रयतेचे नांगर त्यांच्या स्वतःच्या शेतासाठी, पण त्यांनाही डिमेनवर वेठीला जावं लागे. धन्याचे दोन नांगर आणि रयतेचे पाच, असं एखाद्या गावापुढे वाचलं की त्या शब्दामागचा गावगाडाच उभा राहतो. अनुवाद करणाऱ्याला याहून जास्त काय हवं!

एक उणीव मात्र खटकते. नांगरांच्या ओळीत 'डिमेन' न लिहिता 'धन्याचे' अशा अर्थाचं सोपं इंग्रजी घातलंय. मूळ शब्द शोधायला हस्तलिखिताचं छायाचित्र उघडावं लागतं. तिथे लॅटिन 'इन डोमिनिओ' आखडून लिहिलेलं सापडतं. नोंदीचा पूर्ण अनुवादही मिळत नाही. लंडन, विंचेस्टर, डरहॅम शोधू नका, मूळ पाहणीच्या वहीतच त्यांच्या नोंदी नाहीत.

पुढच्या काळातल्या वापरासाठी मात्र कोशच हवा. आयर्लंडमध्ये मोठ्या हवेलीभोवतीच्या राखीव आवाराला डिमेन म्हणतात, आणि इंग्रजी कवितेत तोच शब्द 'राज्य' अशा ऐसपैस अर्थानेही येतो.