नौपाड्यातला शनिवारचा सोशल स्किल्स ग्रुप, सहा महिन्यांनंतर

माझा मुलगा ११ वर्षांचा, आयक्यू ५८, म्हणजे कागदावर माइल्ड बौद्धिक अक्षमता. टेस्टिंग खारघरच्या एनआयईपीआयडीला (बौद्धिक अक्षमतेसाठीची सरकारी संस्था) केलं, तिथे व्हीएसएमएस (रोजचे व्यवहार किती जमतात याची चाचणी) पण झाली, म्हणजे आपल्याला समोर बसवून विचारतात की स्वतः जेवतो का, पैसे कळतात का, एकटा कुठवर जातो वगैरे, आणि उत्तरं देता देता माझ्याच लक्षात आलं की अआइई गिरवून घेण्यात बाकीचं सगळं राहूनच गेलंय.

आधी घोडबंदर साइडच्या एका चकाचक सेंटरला वर्षभर घातला होता. एसी, बीनबॅग, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं. शिकला काय, तर 'हॅलो, हाऊ आर यू' आणि शेकहँड! ते मग ठाणे स्टेशनला दिसेल त्या माणसाला सुरू झालं, एकाचा तर हात सोडेचना, माझी काय अवस्था झाली विचारू नका.

नौपाड्याच्या ग्रुपमध्ये पाच पोरं, दोन टीचर, आणि मुख्य म्हणजे हे पोरांना खोलीबाहेर काढतात. आधी दोन शनिवार खोलीतच खोटं खोटं दुकान, मग थेट खालच्या वडापावच्या गाडीवर. लायनीत शेवटी उभं राहायचं, पुढच्याला चिकटायचं नाही, नंबर आला की बोलायचं, पैसे द्यायचे, सुट्टे परत मिळेपर्यंत थांबायचं. आमचं घोडं शेवटी अडायचं, वडापाव हातात पडला की स्वारी पसार. टीचरनी तीन शनिवार फक्त तेवढंच घेतलं, आधी त्याचा हात धरून, मग नुसतं कोपराला बोट लावून, नंतर लांब फुटपाथला उभ्या राहून.

पण खरी अडचण निघाली गाडीवाल्या काकांची. ते मायेपोटी 'घे बाळा, तू आधी घे' करून लायन मोडून द्यायचे आणि पैसे पण घ्यायचे नाहीत. टीचर म्हणाल्या, काका, याला थांबवा, बोलल्याशिवाय देऊ नका. काका जरा खट्टूच झाले. आता मात्र 'बोल, काय देऊ' म्हणून मुद्दाम तळण्याकडे बघत बसतात. गेल्या महिन्यात हा म्हणाला, 'एक वडापाव, सुकी चटणी जास्त.' त्याला सुकी चटणी आवडते हे मला माहीतच नव्हतं, घरी कधी विचारलंच नाही, वाढून मोकळी व्हायचे.

मिठी कोणाला, शेकहँड कोणाला, लांबून नमस्कार कोणाला, हे पण जमिनीवर खडूने गोल काढून घोटून घेतात. स्टेशनचं बंद झालं, वॉचमनकाकांना मिठी अजून चालूये.

आता तक्रारी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ज्यांचं मूल चालत नाही त्यांनी काय करायचं? घरी करायचा अभ्यास व्हॉट्सॲपवर इंग्लिशमध्ये येतो आणि दिवसभर त्याला बघतात माझ्या सासूबाई, म्हणजे भाषांतर रोज माझ्याकडे. पावती अशी कच्ची की निरामयच्या (अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) क्लेमला लावायला धीर होत नाही, १ लाखाचं कव्हर असून काय उपयोग. मे महिन्यात दोन शनिवार सुट्टी, फी मात्र पूर्ण.

तरी माझ्याकडून ५ पैकी ४. आधी एक शनिवार बसून बघा, बसू देतात. गाडी नेऊ नका, गोखले रोडला संध्याकाळी पार्किंग विसराच.