चाळिशीनंतर काळा कोट: जिल्हा न्यायालयात बसायचं की न्यायाधिकरणात?

वयाची अडचण फारशी नाही. पदवीला ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला त्याहून कमी चालतात) आणि सीईटी, एवढ्यावर तीन वर्षांच्या एलएलबीला बसता येतं. अडचण नोकरीची. विधीचे वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ च्या आतच भरवायचे असा बार कौन्सिलचा नियम आहे, हजेरीही ७० टक्के लागते. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवून वकिली करता येत नाही. म्हणजे राजीनामा आज ना उद्या आहेच. खरा प्रश्न त्यानंतरचा: नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सिनियरकडे बसायचं, की थेट न्यायाधिकरण (ठरावीक विषयांचेच वाद ऐकणारं न्यायपीठ) गाठायचं?

जिल्हा न्यायालयात काम भरपूर. जामीन, चेक बाऊन्स, भाऊबंदकीचे दावे. पण तिथे तुमची आधीची वीस वर्षं कोणी विचारत नाही. पंचविशीतला ज्युनियर आणि तुम्ही एकाच रांगेत: नकलेचा अर्ज टाका, पुरशिस (कोर्टाला लेखी कळवणं) द्या, तारीख घ्या. सिनियरकडून पेट्रोलपुरते पैसे मिळाले तरी पुष्कळ. घरात मुलांच्या फिया चालू असतील तर हे झेपतं का, ते आधीच बघा.

न्यायाधिकरणात मात्र जुना अनुभव चालतो. बँकेतून आलेल्यासाठी नागपुरातलं कर्जवसुली न्यायाधिकरण घ्या. सरफेसी कायद्यातली (थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा बँकेला अधिकार देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस हातात आली की नवा वकील कलमं चाळतो. बँकवाला आधी खातेउतारा मागतो: खातं एनपीए (थकीत) कोणत्या तारखेला केलं, व्याज कुठून धरलं, कर्जदाराच्या हरकतीला १५ दिवसांत उत्तर गेलं का? ताब्याची कारवाई झाल्यावर दाद मागायला ४५ दिवसच असतात, तेव्हा ही नजर पक्षकाराला लगेच उपयोगी पडते. तोटा असा, की इथलं बहुतेक काम शपथपत्रांवर चालतं. उलटतपासणीचा हात बसत नाही. बँकांच्या पॅनलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, नाव लागायलाही वेळ जातो.

सरकारी खात्यातून आलेल्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, म्हणजे मॅटचं नागपूर खंडपीठ जवळचं. बदली, वेतननिश्चिती, विभागीय चौकशी, सगळी भाषा ओळखीची. मात्र जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांना हायकोर्टात जावं लागतं. खासगी शाळेतून काढलेल्या शिक्षकाचं अपील शाळा न्यायाधिकरणात. निवृत्त गुरुजींनी वकिली मॅटच्या भरवशावर आखली, तर आपलेच सहकारी पक्षकार म्हणून मिळायचे नाहीत.

माझं मत विचाराल तर बँक, महसूल किंवा सरकारी खात्यातून येणाऱ्याने न्यायाधिकरणच धरावं, पण पहिलं वर्षभर सकाळी जिल्हा न्यायालयात उभं राहून साक्षीपुरावे ऐकावेत. आयटी किंवा विक्रीतून येणाऱ्याला असं तयार दार नाही. त्याने जिल्हा न्यायालयच धरावं, आणि दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवूनच राजीनामा द्यावा.